तिथे न जाता तिथला ऑक्सिजन कसा मोजतात?

मागच्या अंकात बटू दीर्घिकांबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं, की आय झ्विकी १८ नावाच्या एका छोट्या दीर्घिकेत ऑक्सिजनचं प्रमाण सूर्याच्या जेमतेम तिसाव्या भागाइतकं आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडक्यात घेतलीत. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे एकदोन उत्तरं लांबलीत, ती तशीच राहू दिलीत.

प्रश्न: ताई, तुमची ती दीर्घिका सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षं लांब. तिथे ना कुणी गेलं ना कधी जाईल. मग तिथे ऑक्सिजन किती हे इतकं छातीठोकपणे कसं सांगता? अंदाजच ना शेवटी? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: सर, शंका रास्त आहे, पण हा अंदाज नाही, मोजमाप आहे, आणि त्याचा पहिला धडा आपल्या ओट्यावरच मिळतो. गॅसवर आमटी उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, ती मिठातल्या सोडियममुळे. सोडियमचा अणू तापला की ठरलेल्या तरंगलांबीचाच पिवळा उजेड देतो, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम (एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), आणि तो सोडियम तुमच्या आमटीत असो, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यात असो नाहीतर दुसऱ्या दीर्घिकेत असो, जोडी तीच. दिवाळीच्या दारूकामातला लाल म्हणजे स्ट्रॉन्शियम आणि हिरवा म्हणजे बेरियम, तेही ह्याच न्यायाने. उजेडाचे रंग सुटे करून पसरले की त्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात, आणि त्यात असा ठरलेला उजेड बारीक रेषांसारखा दिसतो. दीर्घिका आपल्यापासून लांब जात असेल तर सगळ्या रेषा एकाच प्रमाणात लाल बाजूला सरकतात, पण रेषांची आपापसातली ठेवण बदलत नाही, त्यामुळे ओळख पटायला अडचण येत नाही.

आता ऑक्सिजनची गोष्ट, आणि ही मला कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही. २९ ऑगस्ट १८६४ ला लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक लावून कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे पाहिलं. ताऱ्यासारखा रंगांचा अखंड पट्टा दिसेल असं वाटलं होतं, दिसली एक हिरवी चमकदार रेषा आणि शेजारी एकदोन फिकट रेषा, बाकी अंधार. म्हणजे तो ताऱ्यांचा थवा नव्हता, तो वायू होता. पण त्या हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातही त्याच दिसायच्या, म्हणून लोकांनी एक नवं मूलद्रव्यच मानलं आणि त्याला नेब्युलियम नाव दिलं. पुढे आवर्तसारणी भरत गेली आणि तिच्यात नेब्युलियमला बसायला घरच उरलं नाही. शेवटी १९२७ मध्ये इरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: तो आपला रोजचा ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला.

मग प्रयोगशाळेत का दिसला नाही? कारण तो अणू त्या अवस्थेत गेला की प्रकाश टाकायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेतो. आपल्या खोलीतल्या हवेत घन सेंटिमीटरला पंचविसाच्या पुढे १८ शून्यं इतके रेणू असतात, तिथे अर्धा मिनिट कोण कुणाला शांत बसू देतं, त्याआधीच धक्का लागून ती ऊर्जा निघून जाते. प्रयोगशाळेतली चांगली निर्वात नळीसुद्धा त्या मानाने गजबजलेलीच. त्या ढगांत घन सेंटिमीटरला शंभरेक ते काही हजारच कण असतात, त्यामुळे अणूला निवांत वेळ मिळतो आणि रेषा उमटते. असल्या रेषांना निषिद्ध रेषा म्हणतात, पण निषिद्ध म्हणजे अशक्य नाही, फक्त फार सावकाश.

प्रश्न: ताऱ्यांचाच वर्णपट का घेत नाहीत, ढगांच्या मागे का लागतात? आणि हे एच-टू ढग म्हणजे हायड्रोजनचे रेणूच ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: आधी दुसरं घेऊ कारण ह्या नावाने भलेभले फसतात. इथला टू रोमन आकड्यातला आहे, आणि खगोलात तो आयनीभूत हायड्रोजनसाठी वापरतात, म्हणजे इलेक्ट्रॉन उडालेला हायड्रोजन. दोन अणू जोडून झालेला रेणू तो वेगळा, तो थंड ढगात सापडतो. गंमत अशी की दोन्ही एकाच ठिकाणी शेजारी शेजारी असतात, थंड रेणूंच्या ढगात तारे जन्मतात, त्यातले जे सगळ्यात मोठे आणि तापलेले असतात ते ९१२ अँगस्ट्रॉमहून आखूड अतिनील प्रकाश फेकतात आणि आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवतात, तो भाग पेटून उठल्यासारखा चमकतो, तापमान साधारण १०,००० केल्विन. फोटोत सर्पिल दीर्घिकेच्या बाहूंवर गुलाबी ठिपके ओवल्यासारखे दिसतात ना, ते हेच, हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची लाल रेषा त्यात सगळ्यात जास्त भरते.

आणि ताऱ्यांचं म्हणशील तर लांबच्या दीर्घिकेत एकेक तारा सुटा दिसतच नाही, शिवाय ताऱ्याचा उजेड सगळ्या रंगांत वाटला गेलेला असतो. ढगाचा उजेड मोजक्या रेषांत गोळा झालेला असतो, म्हणून तो फार लांबून वाचता येतो. त्रिकोण दीर्घिकेतला एनजीसी ६०४ (एनजीसी ही आकाशातल्या दीर्घिका, तेजोमेघ वगैरेंची जुनी यादी) घे, सुमारे १,५०० प्रकाशवर्षं रुंद. किंवा सप्तर्षीतली एम १०१, जवळपास २ कोटी प्रकाशवर्षं लांब असूनही तिच्यातल्या काही ढगांना स्वतःचे एनजीसी नंबर आहेत, ५४६१, ५४७१ वगैरे, कारण जुन्या निरीक्षकांनी ते वेगळे म्हणूनच नोंदवले. आणखी एक मोठा फायदा म्हणजे हे ढग पेटवणारे तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात, त्यामुळे ढगात जे सापडतं ते त्या दीर्घिकेच्या वायूचं आत्ताचं खातं, जुनं नाही.

प्रश्न: म्हणजे ऑक्सिजनची रेषा जेवढी ठळक तेवढा ऑक्सिजन जास्त, बरोबर ना? मग त्यात अवघड काय आहे? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला, कारण ह्या विषयाचं मर्म ह्याच प्रश्नात आहे. उत्तर आहे, नाही. आणि कधीकधी तर बरोबर उलटं.

उन्हातून आल्यावर घाम येतो आणि त्या घामाने अंग गार होतं. ह्या ढगांचा घाम म्हणजे ऑक्सिजनच्या रेषा. तारे ढगाला तापवत असतात, इलेक्ट्रॉन सुसाट पळत असतात, ते ऑक्सिजनला धडकतात, ऑक्सिजन ती ऊर्जा प्रकाश करून बाहेर टाकतो, तो प्रकाश ढगातून निघून जातो आणि ढग तेवढा थंड होतो. आता जिथे ऑक्सिजन भरपूर तिथे ढग जास्त थंड, इलेक्ट्रॉनचा जोर कमी, मग हिरव्या रेषेसाठी लागणारा धक्का देणारे इलेक्ट्रॉनच कमी पडतात आणि रेषा फिकट होते. उष्णता मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त रेषांतून जाते, ऑक्सिजनच्याच ५२ आणि ८८ मायक्रॉनच्या. म्हणजे नुसती हिरवी रेषा बघून निकाल दिला तर श्रीमंत ढगाला गरीब ठरवायची पाळी येते.

म्हणून आधी तापमान कळलंच पाहिजे. आणि तापमापक कोणता? तोच ऑक्सिजन. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्या अणूला दोन मजल्यांचं घर समजा. पहिल्या मजल्यावर चढायला साधारण अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात, तिथून खाली येताना ५००७ आणि ४९५९ च्या हिरव्या रेषा निघतात. दुसऱ्या मजल्याला जवळजवळ साडेपाच लागतात, आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरताना ४३६३ ची जांभळट निळी रेषा निघते. ढग थंड असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत फार थोडे पोचतात, तापलेला असेल तर जास्त. म्हणून ह्या रेषांचं गुणोत्तर म्हणजे थेट तापमान, आणि ह्यात ऑक्सिजन किती आहे हे आधी माहीत असावं लागत नाही, दोन्ही रेषा त्याच अणूच्या.

आकड्यांत बघा. १०,००० केल्विनला दोन्ही हिरव्या रेषा मिळून ४३६३ च्या सुमारे २०० पट असतात. १५,००० ला ७० पट. ७,००० ला मात्र साडेआठशे पटीच्या वर! आता एक नमुना ढग घेऊ. हायड्रोजनची ४८६१ ची रेषा १०० मानली, ५००७ आली ४८०, ४९५९ आली १६० (ह्या दोघींचं प्रमाण तीनास एक असंच राहतं, ते नसेल तर मोजण्यात काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं), आणि ४३६३ आली फक्त ४. सहाशे चाळीस भागिले चार, एकशे साठ, म्हणजे तापमान सुमारे ११,००० केल्विन. त्या तापमानाला हिशोब केला की दर १० लाख हायड्रोजनमागे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजन निघतात साधारण १३०. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन वेगळा मोजायचा, त्याची रेषा ३७२७ ला, समजा ती १५० आली तर त्याचे ४५ च्या आसपास. बेरीज १७५. सूर्यात हाच आकडा ४९० धरतात, म्हणजे आपला ढग सूर्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर.

आता हीच ४३६३ कुणी चुकून ४ ऐवजी ५ मोजली तर? एवढीशी चूक, हायड्रोजनच्या शंभरात एक. तापमान आठनऊशे केल्विनने वर जातं आणि १३० चे होतात शंभरेक. वीस टक्के ऑक्सिजन गायब! म्हणून त्या एका बारीक रेषेसाठी माणसं रात्ररात्र दुर्बीण एकाच ढगावर लावून बसतात, आणि मला त्यात काही वेडेपणा वाटत नाही.

बाकी ऑक्सिजनच का, तर त्याचा हिशोब पुरा होतो म्हणून. तिसरा इलेक्ट्रॉन उडवायला जवळपास ५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तेवढा दम ह्या ताऱ्यांत सहसा नसतो. आणि पहिला उडवायला १३.६, हायड्रोजनइतकेच, त्यामुळे जिथे हायड्रोजन आयनीभूत तिथे ऑक्सिजनही. दोनच खाती, दोन्हींच्या रेषा दिसतात, बेरीज केली की झालं. नायट्रोजनचं तसं नाही, त्याचं एकच खातं दिसतं आणि बाकीचं ऑक्सिजनवरून ताडावं लागतं.

प्रश्न: मॅडम, ऑक्सिजनला मेटल का म्हणतात? पुस्तकात तर अधातू लिहिलंय. (इयत्ता नववी, रत्नागिरी)

उत्तर: तुझं पुस्तक बरोबर आहे, परीक्षेत अधातूच लिही. खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यांना सोयीसाठी मेटल म्हणतात, कारण ते दोघं महास्फोटापासूनचे आहेत आणि बाकीचे जवळजवळ सगळे नंतर ताऱ्यांमुळे तयार झाले. त्या बाकीच्यांत ऑक्सिजन सगळ्यात जास्त, म्हणून कुणी दीर्घिकेची धातुता सांगितली की बहुतेक वेळा त्याने ऑक्सिजनच मोजलेला असतो. आणि सूर्याचा आकडा ८.६९ असा का लिहितात हेही तू विचारलंयस. दर १० चा बारावा घात इतक्या हायड्रोजनमागे ऑक्सिजन किती, त्याचा लॉग. सूर्य ८.६९, आय झ्विकी १८ साधारण ७.१७. लॉग उलटा केलास तर दर १० लाखांमागे ४९० आणि १५. भागाकार करून बघ, तिसावा भाग कुठून आला ते कळेल.

प्रश्न: आमच्या इथे जीएमआरटी आहे, पलीकडे गिरवलीला आयुकाची दुर्बीण आहे. ह्यांच्यावर हे काम होतं का? (शेतकरी, आकाशनिरीक्षणाची आवड, नारायणगाव)

उत्तर: दादा, दोन्हींची कामं वेगळी. खोडदच्या जीएमआरटीच्या तबकड्या रेडिओ लहरी ऐकतात, त्यात हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर आहे, ती थंड, न पेटलेल्या हायड्रोजनची. तिथे ऑक्सिजन मोजत नाहीत, पण दीर्घिकेकडे अजून किती कच्चा माल शिल्लक आहे हे जीएमआरटी सांगते, आणि बटू दीर्घिकांवर तिथे फार चांगलं काम झालंय. पोतं किती भरलंय हे माहीत नसेल तर नुसत्या मुठीवरून काय ठरवणार.

गिरवलीची दुर्बीण २ मीटर आरशाची, तिला वर्णपट घ्यायचं उपकरण आहे, जवळच्या ढगांच्या ठळक रेषा तिच्या आवाक्यातल्या. खरी ओढाताण ४३६३ साठी होते. अमेरिकेत ॲरिझोनात माउंट ग्रॅहमवर ८.४ मीटरचे दोन आरसे एकाच बैठकीवर असलेली दुर्बीण आहे, तिच्यावर केऑस नावाचा प्रकल्प चालतो, एम १०१, एम ५१ असल्या दीर्घिकांतले ढग एकेक करून घ्यायचे आणि फक्त तापमान मोजूनच ऑक्सिजन काढायचा. एकट्या एम १०१ मध्ये त्यांनी ७४ ढगांचं थेट मोजमाप केलं.

तुम्ही रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल कळकळीने लिहिलंय, त्यावर एक सांगते. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांची एक रेषा ४३५८ ला येते. आणि आपला तापमापक कुठे, ४३६३ ला! पाच अँगस्ट्रॉमचं अंतर. त्यात त्रिकोण दीर्घिका आपल्याकडे सरकतेय, त्यामुळे तिची ४३६३ सरकून ४३६०.६ च्या आसपास येते, म्हणजे दिव्याच्या रेषेला जवळजवळ खेटूनच. गावातल्या दिव्याचा उजेड आकाशात पसरून २७ लाख प्रकाशवर्षं प्रवास करून आलेल्या रेषेच्या अंगावर पडतो. पार्श्वभूमी वजा करता येते, पण वजाबाकीत थोडी चूक राहतेच, आणि वर बघितलंत ना थोडी चूक किती महागात पडते. म्हणून वेधशाळेच्या आसपास दिवे झाकलेले आणि खाली तोंड केलेले असावेत असा आग्रह धरतात, आणि तुम्ही ग्रामपंचायतीत तो विषय काढताय हे वाचून खरंच बरं वाटलं.

प्रश्न: मधे धूळ असते ती निळा प्रकाश जास्त खाते असं वाचलं, मग सगळीच गुणोत्तरं चुकणार की. (दोनतीन पत्रं)

उत्तर: चुकली असती, पण हायड्रोजन वाचवतो. त्याच्या ६५६३ आणि ४८६१ च्या रेषांचं गुणोत्तर १०,००० केल्विनला २.८६ यायला हवं, हे अणूच्या गणितातूनच ठरतं. निरीक्षणात समजा ४ आलं तर निळी बाजू किती खाल्ली गेली ते कळलं, त्या मापाने सगळ्या रेषा दुरुस्त करायच्या. ३७२७ ला ही दुरुस्ती सगळ्यात जास्त लागते कारण ती फार निळ्या टोकाला. वायूची घनता पण अशीच कळते, गंधकाच्या ६७१७ आणि ६७३१ ह्या जोडरेषांवरून.

प्रश्न: एकाच दीर्घिकेचा ऑक्सिजन एका लेखात सूर्याएवढा आणि दुसऱ्यात दुपटीहून जास्त वाचला. दोन्ही मोठे शास्त्रज्ञ. कुणाचं खरं मानायचं? (न्यू जर्सी)

उत्तर: हा सगळ्यात अडचणीचा प्रश्न आणि त्याला गोडगोड उत्तर मी देणार नाही. एकच दागिना दोन सराफांकडे नेलात आणि दोघांनी आपापल्या कसोटीवर घासून वेगवेगळा कस सांगितला तर दोष सोन्याचा नसतो. इथे तसंच झालंय.

४३६३ सगळीकडे दिसत नाही, ऑक्सिजन भरपूर असलेल्या थंड ढगांत तर ती गोंगाटात बुडून जाते. मग काय करायचं? १९७९ मध्ये बर्नार्ड पेजल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट काढली, की ठळक रेषांचीच बेरीज घ्यायची, ३७२७, ४९५९ आणि ५००७, तिला हायड्रोजनच्या ४८६१ ने भागायचं आणि त्यावरून ऑक्सिजन ताडायचा. पद्धत सोपी आणि लाखो दीर्घिकांना लावता येते. पण घामाचा न्याय आठवा: ऑक्सिजन अगदी कमी असेल तर रेषा फिकट, वाढला की ठळक, आणि सूर्याच्या पाव हिश्शाच्या आसपास गेलं की पुन्हा फिकट होत जातात. म्हणजे एकाच बेरजेला दोन उत्तरं! कुठलं घ्यायचं ते नायट्रोजनच्या ६५८४ च्या रेषेवरून ठरवतात. शिवाय ही मोजपट्टी आखायची कशावरून, काहींनी थेट तापमान मोजलेल्या ढगांवरून आखली, काहींनी कॉम्प्युटरवर ढगाचं मॉडेल करून. २००८ मध्ये लिसा क्यूली आणि सारा एलिसन यांनी त्याच दीर्घिकांना दहा मोजपट्ट्या लावून बघितल्या तर उत्तरांत ०.७ पर्यंत फरक आला, आणि हा लॉगमधला ०.७ म्हणजे जवळजवळ पाचपट.

तापमानाच्या पद्धतीवरही आक्षेप आहे. मेक्सिकोच्या मानुएल पाइंबर्ट यांनी १९६७ मध्येच सांगितलं होतं की ढगाचं तापमान सगळीकडे एकसारखं नसेल तर ४३६३ ची रेषा मुख्यतः तापलेल्या भागांतूनच येणार, म्हणजे आपण तापमान जास्त मोजणार आणि ऑक्सिजन कमी. ऑक्सिजनच्या दुसऱ्या एका प्रकारच्या, अतिशय फिकट रेषा असतात ज्यांच्यावर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही, त्यांच्यावरून मोजलं तर एच-टू ढगांत उत्तर साधारण दुप्पट येतं. हा वाद अजून मिटलेला नाही.

माझं मत विचाराल तर जिथे ४३६३ नीट मोजलीय तिथे मी तोच आकडा धरते, कारण त्यात गृहीतकं सगळ्यात कमी. पण माझा खरा आग्रह दुसराच आहे: आकड्याशेजारी पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा घेऊच नका. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन दीर्घिकांची तुलना बिनधास्त करा, दोन पद्धतींचे आकडे एका ओळीत मांडू नका. मागच्या अंकात मी स्वतः पद्धत लिहिली नव्हती, ती लिहायला हवी होती. आय झ्विकी १८ चा आकडा ४३६३ वाला आहे, तिथे वायू इतका तापलेला आहे की ती रेषा चांगली दिसते. १९७२ मध्ये लिओनार्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी तिच्यातला ऑक्सिजन इतका कमी आहे हे दाखवलं, तेव्हापासून ती सगळ्यांची आवडती.

प्रश्न: एवढं मोजून मिळालं काय? (ठाणे)

उत्तर: खूप काही, मी दोनच गोष्टी सांगते. सर्ल यांनी १९७१ मध्ये दाखवलं की सर्पिल दीर्घिकेत मध्यापासून कडेकडे जावं तसा ऑक्सिजन कमी होत जातो. एम १०१ मध्ये तर आत आणि अगदी बाहेर ह्यांत दहापटीचा फरक आहे. आत तारे लवकर आणि भरपूर झाले, मोठे तारे स्फोट होऊन मेले, त्यांनी केलेला ऑक्सिजन वायूत परत मिसळला, त्यातून पुढची पिढी. कडेला हे चक्र सावकाश फिरतं. म्हणजे ऑक्सिजन बघून कुठला भाग किती पिकलाय ते कळतं.

दुसरी, दीर्घिका जेवढी जड तेवढा ऑक्सिजन जास्त. २००४ मध्ये क्रिस्टी ट्रेमॉन्टी आणि सहकाऱ्यांनी स्लोन नावाच्या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे ५३,००० दीर्घिकांवर हे दाखवलं. हलक्या दीर्घिकेचं गुरुत्व कमी, स्फोटांच्या जोराने तिथला ऑक्सिजन बाहेरच उडून जातो, हे त्याचं एक मोठं कारण मानतात. आणि आता तर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने १२ जुलै २०२२ ला जे पहिले वर्णपट प्रसिद्ध केले त्यात एका दीर्घिकेचा प्रकाश १,३१० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, आणि त्यात ती ४३६३ होती! ताणली जाऊन ४.१४ मायक्रॉनला (म्हणजे ४१,४०० अँगस्ट्रॉमला) पोचलेली, पण तीच. उपकरण तेव्हा नवं होतं, वेगवेगळ्या गटांचे सुरुवातीचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, तरी तो आलेख स्क्रीनवर बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. विश्व इतकं कोवळं असताना ऑक्सिजन तयार झालेला होता आणि तो कुठल्या तापमानात होता हे आपण वाचत होतो.

प्रश्न: हे घरी बसून करता येईल का? माझ्याकडे दुर्बीण नाही, लॅपटॉप आहे. (बीएस्सी दुसरं वर्ष, नांदेड)

उत्तर: नक्की येईल, आणि करच. स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुले आहेत. फक्त एक खड्डा आधीच दाखवते ज्यात सुरुवातीला सगळे पडतात. स्लोनचे जुने वर्णपट ३८०० अँगस्ट्रॉमपासून सुरू होतात, त्यामुळे अगदी जवळच्या दीर्घिकेची ३७२७ त्यांच्यात नसतेच. म्हणून तांबडं विस्थापन (रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं माप) ०.०३ च्या पुढचं असलेली, निळी, लहान, ठळक रेषांची दीर्घिका निवड. पहिल्यांदा ५००७ आणि ४९५९ मोज, तीनास एक येतंय का बघ. रेषेची उंची मोजू नकोस, तिच्याखालचं क्षेत्रफळ मोज, पायाची रेघ दोन्ही बाजूंनी नीट आखून. मग ६५६३ आणि ४८६१ घेऊन धुळीचा हिशोब कर. हे सगळं जमलं की ४३४० ला जा, तिथे हायड्रोजनची एक रेषा आहे, तिच्या उजव्या अंगाला २३ अँगस्ट्रॉमवर (विस्थापनाने थोडं जास्त) एक बारकासा उंचवटा असेल. गोंगाट समजून सोडून देऊ नकोस. आजूबाजूचे चढउतार किती आहेत ते मोज, उंचवटा त्यांच्या निदान तिप्पट आहे का बघ, आणि नसेल तर ती दीर्घिका बाजूला ठेवून पुढची घे. मिळाली की आकडे मला पाठव, त्रुटी किती धरलीस तेही लिही, पुढच्या अंकात आपण तुझा हिशोब इथेच सोडवू.